किनाऱ्याचे राखणदार

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे चिंचोळे फाटे उंच डोंगरांमधून दूरवर आत शिरलेले आहेत. काठावर प्रचंड वृक्षांचे घनदाट अरण्य आहे. तेथे पांढऱ्या केसांचे दुर्मिळ अस्वल आढळते. पाण्यात देवमासे, सील व पाणमांजरे विहरतात. हेल्टसुक, हायडा इत्यादी आदिवासी हजारो वर्षांपासून येथे राहत आले आहेत. वसंत ऋतूत हेरिंग मासे किनाऱ्याशी येऊन अंडी घालतात. समुद्रवनस्पतींना चिकटलेली ती अंडी गोळा करणे हा हेल्टसुक लोकांचा पूर्वापार उद्योग होय.

या किनाऱ्यावर एक संकट येऊ घातले होते. आल्बर्टा प्रांतातील खनिज तेल सुमारे ११७७ किलोमीटर लांबीच्या नळाने किटिमॅट बंदरात आणावयाचे आणि तेथून अवाढव्य जहाजांनी परदेशी धाडावयाचे, अशी योजना आखण्यात आली. तिने व्यापार वाढेल, अनेकांना काम मिळेल, असे तिचे पुरस्कर्ते सांगत.

परंतु किनाऱ्यावरील लोक शेजारच्या अलास्कातील अनर्थ विसरले नव्हते. २४ मार्च १९८९ रोजी तेथे एक तेलवाहू जहाज खडकावर आदळले व सुमारे ३७ हजार टन तेल समुद्रात पसरले. तेलाने माखलेल्या पिसांत ऊब राहत नाही. त्यामुळे पक्षी थंडीने गारठून मरतात. त्या वेळी अदमासे अडीच लाख समुद्रपक्षी प्राणास मुकले. अनेक वर्षांनंतरही तेथील वाळूखाली तेल सापडत असे.

म्हणून २०१० साली किनाऱ्यावरील जमातींनी एकत्र येऊन तेलवाहू जहाजांना विरोध जाहीर केला. २०१२ साली बेला बेला गावच्या शाळकरी मुलांनीही उपोषण केले. तरीही २०१४ साली सरकारने योजनेस संमती दिली. लोक खचले नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. जमातींशी पुरेसा विचारविनिमय झाला नाही, असे ठरवून न्यायालयाने २०१६ साली ती संमती रद्द केली. त्याच वर्षी सरकारने योजना फेटाळली. पुढे २०१९ साली त्या उत्तर किनाऱ्यावरील बंदरांत मोठ्या तेलवाहू जहाजांना बंदी करणारा कायदा झाला.

तेलाची गरज सर्वांनाच असते. त्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या बोटीही तेलावरच चालतात. परंतु ज्या समुद्रावर पोट चालते, तो एकदा नासला की पैशाने पूर्ववत होत नाही. हे ओळखून त्या लोकांनी धीराने व एकजुटीने आपला किनारा राखला.

स्वाध्याय

१. तेलाने माखलेले पक्षी का मरतात?
२. योजनेचे पुरस्कर्ते व विरोधक यांचे म्हणणे थोडक्यात लिहा.
३. 'पूर्वापार', 'दाद मागणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.