संमोहन म्हणजे वशीकरण नव्हे

प्रश्न : वय 38. गेली सहा वर्षं पोटात कळा येतात, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) सांगून संमोहन उपचार सुचवलाय. सासूबाई म्हणतात, आपलं मन दुसऱ्याच्या ताब्यात कशाला द्यायचं? काय करू?

उत्तर : ताई, मन कुणाच्याही ताब्यात जात नाही. संमोहनात तुम्ही झोपत नाही, बेशुद्ध होत नाही. बाहेर कुकरची शिट्टी झाली तर ऐकू येईल; नको वाटलं तर डोळे उघडून उठूही शकता. लक्ष फक्त एका ठिकाणी एकवटतं, आणि तेव्हा सूचना अधिक खोल पोहोचतात.

आतडं आणि मेंदू यांचं बोलणं सतत चालू असतं. आयबीएसमध्ये आतड्याची साधी हालचालही मेंदूला वेदना वाटते. म्हणून तज्ज्ञ तुम्हाला पोटावर हात ठेवायला सांगतात, हाताची ऊब आत झिरपतेय अशी कल्पना करायला लावतात. मग संथ वाहणारी नदी डोळ्यांसमोर आणायला. 1984 साली मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांनी जुनाट त्रासाच्या 30 रुग्णांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, त्यात संमोहनाचा गुण ठळक दिसला. गुण सगळ्यांना येतोच असं नाही. आठवड्याला एक अशी सात ते बारा सत्रं आणि घरी रोजचा सराव लागतो.

उपचार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाकडेच घ्या. पूर्वजन्म दाखवतो म्हणणाऱ्याच्या दारात कृपा करून जाऊ नका. शौचातून रक्त गेलं किंवा वजन उतरू लागलं, तर आधी पोटाच्या डॉक्टरांना गाठा.