आधी अर्थ बघ, मग बल्ब

अगं, रागावले नाही मी तुझ्यावर. पण काल अंधार पडल्यावर तू अंबडहून घनसावंगीला एकटी आलीस आणि गाडी अंगणात लागली तेव्हा मागचा एक दिवा मिणमिणता, दुसरा बंदच! पोटात गोळा आला माझ्या. उसाचा हंगाम चालू आहे, रस्त्यानं रात्रभर ट्रॉल्या चालतात. तुझी ती कमरेएवढी बुटकी गाडी मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला दिसायची कशी?

गाडी विकून टाक म्हणणाऱ्यांतली मी नाही. सॅन स्टॉर्म हौसेनं घेतलीस, ती सांभाळ. १९९८ साली बंगळूरच्या सॅन मोटर्सनं आणलेली दोन सीटची गाडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. अशा आता रस्त्यावर दिसतात तरी किती? पण तिची बॉडी फायबरची आहे, आणि तिच्या दिव्यांची बरीचशी दुखणी तिथूनच निघतात. पत्र्याच्या गाडीत बल्बमधून गेलेला करंट पत्र्यातूनच बॅटरीकडे परत येतो. फायबरमधून तो वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर, म्हणजे अर्थ, द्यावी लागते आणि ती कुठंतरी बोल्टखाली कसलेली असते. इतक्या वर्षांत त्या बोल्टला गंज धरणारच. मग बल्ब चांगला, फ्यूज चांगला, तरी उजेड नाही.

रात्री आपण काय पाहिलं आठवतंय ना? तू ब्रेक दाबलास, मी मागे उभी होते. ब्रेकचा दिवा लागायच्या जागी त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पिवळा उजळला. ही खूण कायमची लक्षात ठेव. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. डिकीतली चटई उचलली तर काळ्या वायरचं टोक हिरवं पडलेलं. पॉलिश पेपरनं ते टोक आणि बोल्ट चकाकेपर्यंत घासले, घट्ट कसले, वरून व्हॅसलीन लावलं, आणि दिवा लख्ख! अन् तुला तर एका वायरमननं सगळी वायरिंगच बदलायला सांगितली होती. बल्बही तू उगाच चार आणलेस.

विहिरीवरच्या मोटारीसाठी मी मल्टीमीटर ठेवलाय, तो घेऊन जा. दिवा चालू ठेवायचा, एक टोक होल्डरच्या अर्थला, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. काटा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दाखवला तरी समज, मध्ये कुठंतरी गंज आहे. बॅटरीचंही तसंच. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. इंजिन चालू असूनही आकडा साडेबाराच्या वर जात नसेल, तर नवी बॅटरी घ्यायला धावू नकोस. आधी अल्टरनेटर आणि त्याच्या वायरी बघ. वायरीला हात लावण्याआधी मायनसची क्लिप काढायची, जोडताना ती सगळ्यात शेवटी. चुकून पाना प्लसवरून लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते, बाई.

आणि हे शपथ घालून सांगते. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा बसव. दहाचा उडाला की वीसचा नको, सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर अजिबात नको. मोठा फ्यूज उडत नाही, वायर तापते, आणि तुझी बॉडी फायबरची आहे, ती पेट घेते. पुन्हापुन्हा उडत असेल तर कुठं वायर घासतेय, सोललीय ते शोध. इथं गाडी ठेवलीस तर मोसंबीच्या बागेतले उंदीरही बघावे लागतील. मागच्या वर्षी आपल्या ट्रॅक्टरची वायर त्यांनीच कुरतडली.

उद्या पुण्याला निघायच्या आधी मी मागे उभी राहते. तू पार्किंग लाव, ब्रेक दाब, दोन्ही इंडिकेटर, मग रिव्हर्स. पुण्यात मागे उभं राहायला कुणी नसेल तर गाडी भिंतीकडे पाठ करून लाव आणि संध्याकाळी आरशात बघ, भिंतीवर दोन्हीकडे सारखा लाल उजेड पडतोय का ते.