वास्तूची पाहणी आणि पाहणाऱ्याचा जीव

आपल्या न्यासाच्या मालकीच्या इमारती आहेत. पुष्कळ सभासदांचे वडिलोपार्जित वाडेही आहेत. विमा उतरविणे, दुरुस्तीचा अंदाज काढणे, भाडेपट्टा, वाटणी अथवा विक्री, यांपैकी कोणतेही काम निघाले की प्रथम पाचारण होते ते वास्तूची पाहणी करणाऱ्या इसमास. त्याला कोणी सर्व्हेअर म्हणतात, कोणी व्हॅल्युअर, तर कोणी नुसतेच ‘इंजिनिअरसाहेब’. त्याचा अहवाल आपण बारकाईने वाचतो. परंतु तो लिहिण्यासाठी तो कोठे चढला व कोठे उतरला, याचा विचार फारसा होत नाही. तो येथे करावयाचा आहे. आम्ही याच व्यवसायातले. तथापि हा लेख केवळ व्यवसायबंधूंसाठी नाही. या कामातील निम्मी सुरक्षितता पाहणाऱ्याच्या हाती असते आणि निम्मी मालकाच्या.

गवंडी अथवा सुतार एकाच जागी महिनोन् महिने राबतो. ती जागा त्याच्या ओळखीची होते. पाहणारा मात्र तासा-दोन तासांकरिता अनोळखी वास्तूत शिरतो, पुष्कळदा एकटा, आणि पुष्कळदा ती वास्तू मोडकळीस आली म्हणूनच. त्याची नजर असते वर, तुळयांकडे व तड्यांकडे. पाय मात्र खाली चालत असतात. म्हणून या विद्येचा पहिला पाठ असा : चालताना पाहणी करू नये आणि पाहणी करताना चालू नये. थांबावे, पाहावे, टिपून घ्यावे; मग पाऊल उचलावे.

१. पायाखालची जमीन

दि. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूर येथील पटेलनगरच्या महादेवमंदिरात हवन चालू असता जुन्या बावडीवर घातलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसे प्राणास मुकली. ही आठवण माळव्यात सर्वांच्या मनात ताजी आहे. तीतून घ्यावयाचा बोध असा की, झाकलेली विहीर ही बुजविलेली विहीर नव्हे. वरून फरशी सारखी दिसते; खाली पोकळी तशीच असते आणि ओलीमुळे स्लॅबातील लोखंड गंजत जाते. जुन्या वाड्यांतून अशा जागा अनेक : आड, बारव, तळघर, धान्याचे पेव, शोषखड्डा. नकाशावर त्या बहुधा नसतात. त्या असतात घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात. पाहणाऱ्याने पहिला प्रश्न त्यांनाच विचारावा. फरशी ठोकली असता पोकळ वाजली, अथवा एके ठिकाणी खोलगट दिसली, तर तीवर उभे राहू नये.

२. कोंडलेली हवा

बंद पेवात उतरलेला माणूस गुदमरतो, हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तोच धोका पाण्याच्या बंद टाकीत, खोल विहिरीत आणि सेप्टिक टँकमध्ये असतो. साध्या हवेत प्राणवायू शेकडा सुमारे २१ भाग असतो; तो साडेएकोणीस भागांच्या खाली गेला की ती जागा प्रवेशास अयोग्य समजतात. मैल्यातून निघणाऱ्या वायूस सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजणे प्राणघातक आहे. आत पडलेल्यास काढण्यासाठी मागोमाग उतरणारा दुसरा, त्यामागून तिसरा, असे बळी जातात. नियम एकच : उपकरणाने हवा तपासल्यावाचून व बाहेर दोर धरून माणूस उभा असल्यावाचून उतरू नये. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांवाचून सफाईस माणूस उतरविणे हा २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही न्यासाच्या व्यवस्थापकांनी ध्यानी ठेवावे.

३. उंची

शिडी भिंतीस टेकताना चारास एक हे प्रमाण ठेवावे : शिडी १२ फूट उंचीवर टेकत असेल, तर तिचा पाय भिंतीपासून ३ फूट दूर. गच्चीवर उतरावयाचे असल्यास तिचे टोक कडेच्या वर सुमारे ३ फूट असावे. चढताना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, सदैव टेकलेले असावेत. वही-फीत हातात न धरता खांद्यावरील पिशवीत टाकावी.

सिमेंटच्या पत्र्यांवर कधीही पाय देऊ नये. जुना पत्रा वरून भक्कम दिसतो, पण सूचना न देता फुटतो. अशा कित्येक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. पत्रा फोडला अथवा करवतीने कापला तर त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि त्यांचा रोग वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो. लाकडी माळ्यावर जाताना तुळईची भिंतीत गेलेली टोके आधी खालून पाहावीत. ओल व वाळवी तेथेच प्रथम लागते. मग काठीने चाचपीत, तुळयांच्या रेषेवरूनच चालावे. दोन तुळयांमधील फळीवर विश्वास ठेवू नये.

४. वीज, धूळ आणि जीवजंतू

ओल्या भिंतीवर लोंबणारी तार ‘बंद आहे’ असे कोणी सांगितले तरी ती चालू आहे असेच धरावे. मेन स्विच स्वतः पाहून बंद करून घ्यावा. कबुतरे व वटवाघळे यांची विष्ठा साचलेल्या माळ्यावर झाडझूड करू नये. ती धूळ फुप्फुसास बाधते. तेथे साधा रुमाल पुरत नाही, चांगला मुखवटा लागतो. पावसाळ्यात तळघरातील साचल्या पाण्यात उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात व ते पायावरील जखमेतून शिरतात. यास्तव गमबूट हवेत. अडगळीत हात घालण्यापूर्वी विजेरीचा प्रकाश टाकावा. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता त्वरित रुग्णालय गाठावे. सज्ज्याखाली आग्यामोहोळ असेल तर तेथून मुकाट्याने परतावे. उन्हाळ्यात गच्चीचे काम सकाळी उरकावे आणि पाणी बरोबर ठेवावे.

५. एकटे जाणे

१९८६ साली लंडनमध्ये घरे दाखविण्याचे काम करणारी एक तरुणी गिऱ्हाइकास भेटावयास गेली ती परत आलीच नाही. तिच्या मातापित्यांनी दुःख गिळून तिच्या नावे न्यास काढला. एकट्याने काम करणाऱ्यांना सुरक्षिततेचे शिक्षण देण्याचे कार्य तो आजही करीत आहे. त्यातून घेण्याजोगी रीत अगदी साधी आहे. कोठे जातो, कोणास भेटतो व किती वाजता परतेन, हे कार्यालयात किंवा घरी लिहून ठेवावे. ठरल्या वेळी फोन न आल्यास कोणी काय करावयाचे, हेही आधीच ठरवावे. संकटसमयी ११२ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. रिकाम्या अथवा तंट्यातील वास्तूत शक्य तो दोघांनी जावे.

६. ‘पाहता आले नाही’ हे तीन शब्द अधिक मोलाचे

आता मुख्य मुद्दा. शिरस्त्राण, बूट, विजेरी ही साधने अवश्य असावीत. पण ही सर्व साधने असूनही माणूस अपघातात सापडतो तो बहुधा भिडेमुळे. मालक समोर उभा असतो, शुल्क घेतलेले असते, अहवाल उद्या हवा असतो. अशा वेळी ‘वर जाणार नाही’ म्हणणे कमीपणाचे वाटते. वस्तुतः त्यात कमीपणा मुळीच नाही. ‘माळा असुरक्षित असल्याने पाहता आला नाही’ असे अहवालात स्पष्ट लिहिणे ही सुद्धा पाहणीच होय, आणि मालकास ती अतिशय उपयोगाची आहे. कारण ज्या माळ्यावर जाणकार मनुष्य पाय ठेवीत नाही, तेथे आपली मुले खेळता कामा नयेत, हे त्यास त्याच ओळीतून कळते. भीड राखून अंदाजाने भरलेला रकाना मात्र दोघांनाही घातक.

मालकांकडेही मागणे थोडे आहे. पाहणीपूर्वी विहिरी, तळघरे, टाक्या, पूर्वी पडलेले भाग व जुन्या दुरुस्त्या यांची यादी करून द्यावी. घरातील वृद्धांना विचारून ती पुरी करावी व वास्तूच्या कागदपत्रांसोबत कायम ठेवावी. माहीतगार मनुष्य बरोबर द्यावा, कुत्रा बांधावा, किल्ल्या व दिव्याची सोय ठेवावी. आणि पाहणारा परत फिरला तर त्यास आग्रह करू नये.

महोत्सवाच्या या वर्षी न्यासाच्या प्रत्येक वास्तूची अशी यादी तयार झाली, तर पुढील पिढीस इमारतींबरोबर त्यांची खरी माहितीही वारशाने मिळेल. ज्यांना जुन्या विहिरी आठवतात ती मंडळी अद्याप आपल्यात आहेत; तोवर हे काम उरकून घ्यावे, एवढीच आमची विनंती. इत्यलम्.