चिकट भात बिघडलेला नसतो : ओळख आंबेमोहराची

आपल्या वाशिम जिल्ह्यात शेत म्हटलं की सोयाबीन आणि तूर. भात आपल्याला ताटातच भेटतो. त्यामुळे दाणा न् दाणा मोकळा तो चांगला भात, आणि गोळा झाला की "पाणी जास्त पडलं" असं आपण म्हणून टाकतो. प्रत्येक वेळी ते खरं नसतं. काही तांदूळ मुळातच चिकट असतात.

तांदळातल्या स्टार्चचे दोन प्रकार आहेत. अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असलं की भात मोकळा होतो, कमी असलं की मऊ आणि चिकट. आसामच्या बोरा तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, म्हणून तो खरा चिकट तांदूळ. अशा तांदळाला इंग्रजीत ग्लुटिनस म्हणतात, पण त्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतं बरं का!

आपल्या महाराष्ट्राचा आंबेमोहर इतका चिकट नाही, पण मऊ शिजतो आणि दाणे एकमेकांना धरून राहतात. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी, मावळ भागातलं हे जुनं वाण. दाणा आखूड. शिजताना आंब्याच्या मोहरासारखा वास येतो, म्हणून हे नाव. लहान बाळाला, आजारी माणसाला याची पेज देतात, ती या मऊपणामुळेच.

मग इतका चांगला तांदूळ सगळीकडे का पिकत नाही? रोप उंच वाढतं, वाऱ्यापावसात आडवं पडतं, आणि उतारा कमी. शेतकऱ्याचं घर नुसत्या वासावर चालत नाही. म्हणून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 'आंबेमोहर १५७' आणि 'आयआर ८' यांच्या संकरातून 'इंद्रायणी' हे वाण काढलं. ते १९८७ मध्ये आलं. उत्पन्न जास्त, वासही बऱ्यापैकी. शेतकरी तिकडे वळले. माझ्या मते त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण आंबेमोहराचं क्षेत्र घटलं, आणि बाजारात त्याच्या नावाने दुसरेच आखूड दाण्याचे तांदूळ विकले जाऊ लागले. मुळशीत काही शेतकरी अजूनही तो लावतात.

उपक्रम : घरी एकाच जातीचा नवा आणि जुना तांदूळ मिळाला तर दोन्ही सारख्याच पाण्यात शिजवा. थोडा गार झाल्यावर मुठीत दाबा. कोणत्या भाताचा गोळा टिकतो ते वहीत लिहा. नवा तांदूळ जास्त चिकट होतो का, ते तपासा.