त्सेत्से माशीतील सहज जीवाणू

चरकसंहितेच्या विमानस्थानात वीस प्रकारचे कृमी सांगताना सहज कृमी त्यांतून वगळले आहेत. सहज कृमी म्हणजेच आजचे जीवाणू, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु भेद मार्मिक आहे.

आफ्रिकेत निद्रारोगाचे ट्रिपॅनोसोम परजीवी पसरविणारी त्सेत्से माशी रक्तावर जगते. रक्तात ब-जीवनसत्त्वे अपुरी असतात. ती उणीव तिच्या मध्यांत्रातील विशिष्ट पेशींत राहणारे विगल्सवर्थिया जीवाणू भरून काढतात. मादी एका वेळी एकच अळी गर्भाशयात दुग्धसदृश स्रावावर पोसते व त्यातूनच हे जीवाणू संततीस देते. प्रतिजैविकाने ते नष्ट केल्यास मादी वंध्य होते. मात्र त्यांच्यावाचून वाढलेल्या माशीची प्रतिकारशक्ती अपक्व राहते आणि तिच्यात ट्रिपॅनोसोम अधिक सुलभतेने रुजतात.