आधी ठेका, मग चाल

चि. बंटीस,

एकांकिकेचं संगीत तुझ्याकडे आल्याचं ताईकडून कळलं. नायकाच्या प्रत्येक प्रवेशाला वाजेल आणि नाटक सुटल्यावरही प्रेक्षकांच्या बोटांवर राहील, असा छोटा तुकडा तुला हवा आहे म्हणे. पेटी उघडण्याआधी थोडं ठेक्याकडे बघ.

बेथोवनची पाचवी सिम्फनी १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तीन आखूड स्वर, एक लांब, ही तिची सुरुवात जगभर ठाऊक आहे. पण स्वरलिपीत पहिलं चिन्ह स्वराचं नाही, विरामाचं आहे. त्या क्षणभराच्या शांततेनंतर तीन आखूड स्वर समेकडे धावतात आणि लांब स्वर समेवर आदळतो. तिसऱ्या भागात हॉर्न वेगळेच स्वर वाजवतात, तरी ठेवण तीच असल्यामुळे ओळख लगेच पटते. पुढे दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने हीच ठेवण नुसत्या ड्रमवर वाजवून जर्मनव्याप्त युरोपला ऐकवली, कारण मोर्स लिपीत तीन टिंबं आणि एक रेघ म्हणजे ‘व्ही’, व्हिक्टरीचा. स्वर गेले, ओळख राहिली.

तुझ्या तुकड्याची परीक्षाही हीच. टेबलावर वाजवून ओळखता आला पाहिजे.

क्वीन या ब्रिटिश बँडच्या १९७७च्या ‘वी विल रॉक यू’मध्ये दोनदा पाय आपटतात, एक टाळी पडते आणि चौथी मात्रा मोकळी राहते. शेवटी गिटार येईपर्यंत गायकाच्या साथीला एवढंच. ड्रमसेट नाही, बेसही नाही. श्रोत्यांनाही वाजवता यावं म्हणूनच बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने ते असं बांधलं. तालातलं ओ की ठो न कळणारा माणूसही त्यात चुकत नाही, कारण ती मोकळी मात्राच त्याला पुढच्या ठोक्याची जागा दाखवते.

आपल्याकडे हे तालाच्या घडणीतच आहे. तीनतालाच्या सोळा मात्रांत नववी खाली. दहावीपासून तेरावीपर्यंत धिंचं तिं आणि धाचं ता होतं. डग्ग्याचा घुमार थांबतो आणि मात्रा न मोजणाऱ्यालाही आपण आवर्तनात कुठे आहोत ते उमगतं. मोकळी जागा दिसली की भरायची, ही नव्या वादकाची हौस असते. ती तालमीपुरती बाजूला ठेव.

मग प्रश्न येतो कंटाळ्याचा. एकच ठेका किती वेळ चालेल? फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या १९२८च्या ‘बोलेरो’त स्नेअर ड्रम दोन मापांचा एकच ठेका १६९ वेळा वाजवतो. रचना साधारण पंधरा मिनिटांची. ठेका बदलत नाही. त्यावरची चाल आधी बासरीकडे, मग क्लॅरिनेटकडे, मग बसूनकडे जाते आणि आवाज हळूहळू चढत जातो. पट्टी बदलते ती अगदी शेवटी, थोड्याच वेळापुरती. नायक पहिल्या प्रवेशात घाबरलेला आणि शेवटच्या प्रवेशात पेटलेला असेल, तर ठेका तोच ठेवून वाद्यं आणि जोर बदल.

वाद्य निवडताना मात्र डोळे उघडे ठेव. ‘नया दौर’मध्ये (१९५७) ओ. पी. नय्यर यांनी टांग्याची चाल ठेक्यात आणली, कारण पडद्यावर टांगा होता. ‘यादों की बारात’मध्ये (१९७३) राहुल देव बर्मन यांनी ‘चुरा लिया है’च्या सुरुवातीला काचेचा किणकिणाट वापरला, तो आवाज ऐकताच गाणं ओळखता येतं. संबळ घेतलास तर प्रेक्षकाला गोंधळ आठवणार, डफ घेतलास तर पोवाडा. संहितेत देवी नसेल तर केवळ दणका हवा म्हणून संबळ आणू नकोस. नायक शिंपी असेल तर कात्रीचा आवाज पुरेल, कारकून असेल तर शिक्क्याचा.

पहिल्या तालमीला पेटी नेऊच नकोस. नटांना ठेका दोनदा वाजवून दाखव आणि चहानंतर त्यांच्याकडून वाजवून घे. जमला तर ठेव. चुकले तर दोन ठोके कमी कर आणि पुन्हा विचार. जो ठरेल तो, अजून चाल न लावलेला, फोनवर रेकॉर्ड करून पाठव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा