लाल बटण दाबण्याआधी : आत्याचे कानमंत्र

अगं बाय, तुझा निरोप पोचला. आसनगावहून ठाण्याला लोकलनं जाताना हरिपाठ ऐकायचा आणि घरी आजीची हळदीची गाणी टिपायची, अशा दोन्ही कामांना एकच लहानसं, खिशाला झेपेल असं मशीन हवंय म्हणालीस. विचार चांगला आहे. पण दुकानात शिरलीस की तू आधी रंग बघशील, हे मला तुझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा शहापूरच्या बाजारात जायच्या आधी हे वाचून काढ.

एक गोष्ट मनाशी पक्की धर. बाजारातली गाणी आज ना उद्या कुठूनही मिळतील, आजीच्या गळ्यातली गाणी फक्त आजीकडे आहेत. म्हणून मशीन टिपतं कसं ते पहिल्यांदा बघ, वाजतं कसं ते दुसऱ्यांदा.

पैसे काढायच्या आधी

१. कुणाचा आवाज, कुठे आणि एका बैठकीला किती वेळ, हे वहीत लिहून काढ – ओटीवर एकट्या आजीला टिपायला साधं मशीन पुरतं, पण देवळातला टाळ-पखवाजाचा काकडा टिपायला माइकची पातळी कमी-जास्त करता येणारं लागतं.

२. घरातल्या स्मार्टफोनवर आधी पाच मिनिटं आजीला टिपून ऐक – आवाज स्वच्छ आला तर घाई उरत नाही, आणि नाही आला तर नेमकं काय कमी पडतंय ते कळतं.

३. फोन चांगला असला तरी वेगळ्या मशीनची एक मोठी सोय आहे, ते मधेच वाजत नाही – गाणं रंगात आलेलं असताना कुणाचा फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं, आणि आजी तीच ओळ पुन्हा त्याच मनानं म्हणेल याचा भरवसा नाही.

४. बटणांच्या साध्या फोनवर गाण्यासाठी विसंबू नकोस – त्यातले बरेच ‘एएमआर’ प्रकारात टिपतात, तो फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे. बोलणं कळतं, पण गळ्यातली हरकत उतरत नाही.

५. किती खर्च करायचा ते घरूनच ठरवून निघ, आणि त्यातले पाच-सहाशे रुपये कार्ड आणि कॉलर माइकसाठी बाजूला बांधून ठेव – सगळे पैसे मशीनवर संपले की आवाज सुधारणारी वस्तूच राहून जाते.

६. कॅमेरा, खेळ, सिनेमा यांसाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस – स्वस्त वस्तूत दहा कामं कोंबली की प्रत्येक कामाच्या वाट्याला थोडाच पैसा येतो.

दुकानात

७. स्वतःचे इअरफोन घेऊन जा, दोन मिनिटं स्वतःचा आवाज टिप आणि त्याच इअरफोनमधून ऐक – आधी कान, मग कनवटी.

८. एकदा मशीन हातभर अंतरावर ठेवून बोल, एकदा पाच पावलं लांब ठेवून – लांबून टिपताना मागे ‘स्स्स’ असा आवाज किती येतो ते ऐक, तिथेच हलका माइक उघडा पडतो.

९. ‘सुपर’ आणि ‘एचडी’ वाचून भुलू नकोस – खोक्यावरची अक्षरं गात नाहीत.

१०. बाहेरचा माइक लावायला भोक आहे का ते बघ, आणि माइक तिथल्या तिथे लावून पारख – फोनच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, रेकॉर्डरला बहुधा दोन पट्ट्यांची पिन लागते, आणि चुकीची पिन घातली की माइक मुका राहू शकतो.

११. ‘वेव्ह’ आणि ‘एमपीथ्री’ अशा दोन्ही प्रकारांत टिपणारं घे – सीडीच्या दर्जाचं वेव्ह तासाला सुमारे ६३५ एमबी जागा खातं, १२८ केबीपीएसचं एमपीथ्री ५८ एमबीच्या आसपास. आजीची गाणी वेव्हमध्ये टिप, ग्रामसभेतलं बोलणं एमपीथ्रीत.

१२. कार्ड घालायची जागा हवीच, आणि किती जीबीपर्यंतचं कार्ड चालतं ते विचारून घे – बरीच साधी मशीनं ३२ जीबीच्या पुढचं कार्ड ओळखत नाहीत, पण तेवढ्यातही वेव्हचे ५० तास मावतात.

१३. पेन्सिल सेलवर चालणारं मिळालं तर त्याला झुकतं माप दे – पावसाळ्यात पाड्यावर वीज दोन दिवस आली नाही तरी सेल किराणा दुकानात मिळतो.

१४. चार्जिंगचंच घ्यायचं तर घरातल्या फोनचीच पिन चालेल असं घे – वेगळी वायर हरवली की मशीन कपाटात जाऊन बसतं.

१५. ‘होल्ड’चं बटण आहे ना ते बघ – मशीन पिशवीत असताना बटणं आपोआप दाबली जातात, आणि ऐन वेळी बॅटरी संपलेली निघते.

१६. गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायची सोय, तिला ‘ए-बी रिपीट’ म्हणतात, ती असेल तर आवर्जून घे – नवा अभंग बसवताना अडलेली ओळ वीस वेळा ऐकता येते, आणि बुवांना वीस वेळा विचारावं लागत नाही.

१७. कॉम्प्युटरला जोडल्यावर फाइल सरळ उचलून दुसरीकडे ठेवता येते का ते विचार – खास सॉफ्टवेअर लागणारं मशीन ते सॉफ्टवेअर बंद पडलं की तुझे आवाज आतच अडकवून ठेवतं.

१८. पक्कं बिल घे, आणि चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह व ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघ – पुढे तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बिलच तुझ्या बाजूनं बोलेल.

१९. पौषातल्या म्हशाच्या जत्रेत हौसेनं फिर, पण मशीन तिथे घेऊ नकोस – तिथल्या गलबल्यात पारख होत नाही, आणि जत्रा उठल्यावर वॉरंटी कुणाकडे मागणार?

घरी आणल्यावर

२०. पहिलं काम, तारीख आणि वेळ लाव – नाहीतर तुझी सगळी रेकॉर्डिंगं एकाच जुन्या तारखेची दिसतील, आणि काकडा कुठल्या वर्षीचा होता ते आठवत बसशील.

२१. नवं कार्ड एकदा काठोकाठ भर आणि शेवटची फाइल वाजवून बघ – नकली कार्डावर लिहिलेली जागा आत नसतेच, आणि ते भरल्याशिवाय कळत नाही.

२२. आवाज आला की आपोआप सुरू होणारं रेकॉर्डिंग, म्हणजे ‘व्हीओआर’, बंद कर – ते प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर खातं आणि गाणारीनं घेतलेला श्वासही गाळून टाकतं.

२३. चार दिवस घरातल्या गप्पाच टिपत राहा, बटणं अंधारातही सापडली पाहिजेत – काकड्याला पहाटे दिवा लावून बटण शोधणाऱ्या मुलीकडे सगळं भजनी मंडळ बघतं.

टिपताना

२४. गाणारीला आधी विचार, मग बटण दाब, आणि टिपलेलं तिला तिथेच ऐकव – ज्याचा आवाज, त्याचाच होकार.

२५. आगऱ्यांच्या लग्नातली धवलारीण किंवा वारल्यांची धवलेरी गात असेल तर कोणता भाग टिपायचा आणि कोणता नाही, ते तिलाच ठरवू दे – तिच्यासाठी ते विधीतलं काम आहे, आणि त्याची मर्यादा तिला आपल्यापेक्षा जास्त कळते.

२६. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तू बोल: तारीख, गाव, गाणारीचं नाव, प्रसंग – वही हरवली तरी ओळख आवाजाच्या पोटातच राहते.

२७. पडद्यावरचे आकडे पुढे सरकताहेत का ते बघूनच मान वर कर – काही मशीनं पहिल्या दाबाला नुसती तयार होतात, टिपायला लागतात दुसऱ्या दाबाला.

२८. मशीन टेबलावर किंवा पाटावर उघडं ठेवू नकोस, घडी घातलेल्या गोधडीवर ठेव – लाकडावरचा प्रत्येक ठोका माइकला थेट ऐकू जातो.

२९. एकट्या माणसासाठी वीतभर ते हातभर अंतर ठेव, आणि तारपा किंवा ढोलकी असेल तर बरीच पावलं मागे सरून माइकची पातळी उतरव – एकदा फाटून टिपलेला आवाज नंतर कुणालाही शिवता येत नाही.

३०. पंखा बंद कर, कुकर उतरवून ठेव, आणि पत्र्याच्या घरात पाऊस सुरू झाला तर त्या दिवशी नुसत्या गप्पा मार – आपले कान पाऊस बाजूला सारतात, माइकला ते जमत नाही.

३१. आवणीच्या दिवसांत गाणारीला घरी बसवू नकोस. आवणीचं गाणं हवं असेल तर तूच बांधावर जा आणि दोन रोपं लाव – चिखलात वाकून म्हटलेलं गाणं ओटीवर तसं येत नाही.

३२. चैत्र-वैशाखात सकाळी कुणाच्या दारात जाऊ नकोस, दुपार टळल्यावर जा – मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं आपल्या शहापुरात आहेत, तरी पुष्कळ पाड्यांवरच्या बायकांची सकाळ हंड्यांमागेच जाते.

३३. गाण्यांबरोबर आठवणीही टिप – २ जानेवारी १९४३ ला मुरबाडच्या सिद्धगडावर स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या पुढे आहे, त्यामुळे अशी कुणी माणसं भेटली तर पुढचा रविवार बघू नकोस.

३४. आजीलाही रेकॉर्डिंगचं लाल बटण शिकव – मुरबाडच्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी-सत्तरीच्या बाया पाटी घेऊन बसल्या. तुझ्या आजीला एक बटण नक्की जमेल, आणि गाणं तर तिला रात्री भांडी घासतानाच आठवतं.

टिपून झाल्यावर

३५. आधी रेकॉर्डिंग थांबव, फाइल जमा झालेली बघ, मगच मशीन बंद कर किंवा कार्ड काढ – घाईनं सेल काढला तर फाइल अर्धवट राहते आणि उघडतही नाही.

३६. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे गाव व गाणारीचं नाव लिही – यादी आपोआप क्रमानं लागते. स्वस्त मशीनच्या पडद्यावर मराठी अक्षरांचे चौकोन दिसतात, म्हणून मराठी नावं वहीत ठेव.

३७. प्रत्येक गाण्याला गाणारीचं नाव लागलंच पाहिजे – हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या त्या गाणारीचं नाव आणि गाव नोंदवत. म्हणून आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘परी’च्या संकेतस्थळावर ओवीबरोबर ती बाईही भेटते. नाव नाही त्या आवाजाला वारस नाही.

३८. त्याच आठवड्यात तीन जागी ठेव: कॉम्प्युटरवर, वेगळ्या कार्डात, आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे – एका जागी ठेवलेलं एका दिवसात जातं.

३९. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, आणि तेही गाणारीला विचारून – तसं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आणि नंतर कुणाची समजूत काढायची वेळ येत नाही.

४०. जून ते सप्टेंबर मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि आत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाक – पाऊस गाजावाजा करून येतो, ओल न सांगता शिरते.

४१. महिनाभर वापरणार नसशील तर सेल काढून ठेव, आणि चार्जिंगचं मशीन अर्धं भरून ठेव – सेल गळला तर तारा खातो, आणि पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी पुन्हा नीट जागी होत नाही.

ऐकताना

४२. आवाज निम्म्याच्या थोडा वर, त्यापुढे नको – जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानते, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्यानं कमी होतात. गेलेला कान परत येत नाही.

४३. रूळ ओलांडताना, महामार्गावर आणि माळशेज घाटात दुचाकीवर दोन्ही कान मोकळे ठेव – हरिपाठ घरी आल्यावरही तिथून पुढे ऐकता येतो.

आणि हे बघ, सगळे मंत्र एकदम पाळायचा हट्ट धरू नकोस. नाव, तारीख आणि दुसऱ्या जागची प्रत एवढं सांभाळलंस तरी निम्मं काम झालं. मशीनसाठी पैसे जमेपर्यंत हात बांधून बसायचीही गरज नाही. येत्या रविवारी घरातल्या फोनवरच आजीचं एक गाणं टिप, कारण पुढच्या महिन्यात आणलेल्या चांगल्या मशीनला या महिन्यात म्हटलेलं गाणं टिपता येत नाही. आणि त्यातला शब्द कुठे अडला तर मला फोन कर. हळदीची बरीचशी गाणी मला अजून येतात, राहिलेली आपण दोघी मिळून आजीला विचारू.